बाबांच्या ट्रकात पाणी

प्रिय एर्खान,

अक्षर वेडंवाकडं आलंय, समजून घे. आनंदाच्या भरात भराभर लिहितेय!

आपलं ठरलं होतं ना, बाबांनी या हिवाळ्यात ट्रक माझ्या हाती दिला नाही, तर मी मुकाट्याने तुझ्याकडे, तुझ्या त्या उबदार समुद्रकाठी राहायला यायचं. आणि बाबा देणार नव्हतेच. "पोरीच्या जातीला गोठलेल्या नदीवरचा रस्ता झेपतो होय?" हे त्यांचं पालुपद.

परवा ट्रकचा पंप बदलला, इंजिन रिकामं झालं, आणि बाबांनी अँटीफ्रीझचा, म्हणजे इंजिन गोठू नये म्हणून आत घालायच्या द्रवाचा, डबा उचलला. एरवी तयार मिश्रण मिळायचं, या खेपेला नुसता अर्क, दाट! मी आडवीच आले. म्हटलं, बाबा, नुसता अर्क उणे पन्नासात थिजतो. दोन भाग अर्काला एक भाग शुद्ध पाणी हवं. झालं! "याकुतियात जन्मलीस आणि इंजिनात पाणी घालतेस? पाणी म्हणजे बर्फ, एवढं वासरालाही कळतं!" डिस्टिल्ड पाण्याची बाटली बघून तर हसून लोळायचेच बाकी होते. "दारात अख्खी नदी पडलीय, आणि ही बया पाणी विकत आणते!" त्यांचं तरी काय चुकलं रे? व्होडकात पाणी घातलं की ती आधी गोठते, हेच त्यांनी जन्मभर पाहिलेलं.

पण मीही त्यांचीच मुलगी. दोन बरण्या भरल्या, एकीत त्यांचा अर्क, दुसरीत माझं मिश्रण, आणि ठेवल्या रात्रभर कुंपणावर. हरले तर ट्रकचं नाव काढणार नाही, अशी पैज. सकाळी शेजारीपाजारी जमले. बाबांनी आपली बरणी उलटी केली. थेंब पडेल तर शपथ! माझी नुसती तिरकी केली, तर मिश्रण काकवीसारखं संथ ओघळलं. बाबांनी आपली बरणी दोनदा ठोकून पाहिली. मग म्हणाले, "म्हणजे मी इंजिनाचा मुडदाच पाडला असता की गं!"

आमच्या घरी ट्रक निघण्याच्या आदल्या दिवशी चुलीतल्या विस्तवाला घावनाचा घास देतो तो फक्त चालवणारा. इतकी वर्षं बाबाच देत आले. आज त्यांनी लोण्याचं घावन माझ्या हातात कोंबलं आणि तोंड फिरवलं. मी भोकांड पसरलं, एर्खान. लाज नाही वाटली.

आता कळलं ना, पत्र कशासाठी? उद्या पीठ-साखर भरून मी नदीवरून निघतेय. माझं विमानाचं तिकीट परत कर. तुझ्यावाचून करमत नाही, देवाशप्पथ. पण मी येत नाही, तूच ये. बाबांचा निरोप आहे: "त्या पोराला सांग, शेजारची सीट रिकामी आहे. स्टिअरिंगला मात्र हात लावायचा नाही."

तुझीच, वाट बघणारी,
सास्किलाना