चौघांची गाडी

हर्णै,
८ जानेवारी २०२५

प्रिय सौ. विमल हिस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

आम्ही चौघे खुशाल. या किनाऱ्याला माडावर चढल्याशिवाय फोन लागत नाही, म्हणून पत्र. अंजली याचा फोटो काढून, रेंज सापडेल तिथून तुझ्या फोनवर धाडेल. म्हणजे तुझ्याआधी ती वाचणार. तेव्हा सुरुवातीलाच लिहून ठेवतो, की आपल्या सूनबाईंच्या हातची भाजी अप्रतिम असते.

गाडी म्हणजे चाकांवरचं बिऱ्हाड. बिछाने चार, म्हणून माणसं चार: आपला बुद्धभूषण, अंजली, नात आरोही, आणि चौथी तू असायला हवी होतीस. पण ‘मला गाडी लागते’ म्हणून आदल्या दिवशी मनमाडला बहिणीकडे पळालीस, नि माझी वळकटी चढवायला लावलीस. मनमाडला तरी गाडीनेच गेलीस नि घरी परतलीस ना?

समुद्र दिसला आणि शाळेतले गोटीराम मास्तर आठवले. छडीने टेबलावर ताल धरून ते समुद्राची कविता चालीवर म्हणायचे, आणि आम्ही पोरं गोदावरीचा पूर डोळ्यांपुढे आणून भागवायचो. पुढे मी कामानिमित्त मुंबईला जाऊन समुद्र पाहिला. तू नाहीस. लग्नानंतर भाकरी थापता थापता ती अख्खी कविता तू म्हणून दाखवली होतीस. तेव्हापासून तू समुद्र पाहावा असं माझ्या मनात, आणि तुझ्या मनात दर वेळी दुसऱ्याच कुणाची पाळी. यंदा माझी पाळी मी तुला देतो. नाशिक रोडहून थेट रत्नागिरीला रेल्वे आहे. तू चढ, मी उतरतो. खाली अजून पुष्कळ किनारा उरलाय.

इथे तंटा एकच. दार उघडं असलं की येणाऱ्याजाणाऱ्याला ‘या, बसा’ म्हटल्यावाचून मला राहवत नाही. काल टेबलाभोवती चार कोळी आणि एक पोस्टमन होते. अंजलीने साखरेचा डबा लपवलाय.

राग नाशकात ठेव, लोभ इकडे धाड.

तुझा,
धोंडीराम


नाशिक रोड,
९ जानेवारी

आरोहीच्या आजोबांना,
सप्रेम जयभीम.

पत्र बोटांनी मोठं करकरून वाचलं. अंजली, तूही वाचते आहेसच, तर डबा आणखी वर ठेव.

मी यायची नाही. तुम्ही उतरणार नि मी चढणार, ही काय एसटीत रुमाल टाकून धरलेली जागा आहे? पुस्तकातला समुद्र छान होता, तेवढा पुरे. इथे थंडीने हुडहुडी भरते. मी गोधडीत बसून हवी ती मालिका बघते आणि मधेच कुणी कविता म्हणत नाही. हे सुख सोडून कोण येतं?

आणि नाटकं करू नका. बुद्धभूषणच्या वरातीत नाचायला लागू नये म्हणून तुमची कंबर धरली, आणि पंगत बसल्याबरोबर सुटली, ते मी विसरले नाही.

कानटोपी घालत जा. चहात कमी करा, मायेत नको.

सौ. विमल


गुहागर,
११ जानेवारी

प्रिय विमल,
सप्रेम जयभीम.

अक्षर वाकडं आलं तर समजून घे. काल खडकावरून पाय घसरला. घोटा भोपळ्याएवढा झालाय. कविता आठवते, पण ताल धरायला पाय हलत नाही. आपलं माणूस उशाशी हवं, असं इथले लोक म्हणतात. तरी तू मुळीच येऊ नकोस. परवा दिवसभर आम्ही रत्नागिरी स्टेशनाजवळच असू, हे आपलं माहितीसाठी.

हात दुबळा असला तरी लोभ दणकट आहे.

धोंडीराम

अंजलीची पुरवणी: आई, अण्णांचा घोटा ठणठणीत आहे. आत्ताच वाळूत आरोहीशी लंगडी खेळले आणि जिंकले. तुम्ही ओळखलं असणारच. पण ओळखलं नाही असं दाखवून याल का? रोज संध्याकाळी ते पाण्याकडे पाठ करून बसतात. विचारलं तर म्हणतात, तिच्याआधी मी सगळा बघून संपवायचा नाही.


नाशिक रोड,
१४ जानेवारी

प्रिय विमल हिस, मुक्काम चालती गाडी,
सप्रेम जयभीम.

सुखरूप पोचलो. तू तेलाची बाटली घेऊन रत्नागिरीला उतरलीस, कुठला पाय म्हणून विचारलंस, मी डावा सांगून उजवा पुढे केला, इथवर निभावलं. पण माझी परतीची गाडी हलली तेव्हा मी फलाटभर धावलो, ते तू बघायला नको होतंस. तोंडाला पदर लावून हसत होतीस ना?

इथे सकाळी वंदना घेतली आणि कुकर लावला. वरण छताला लागलं. शेजारचे सावळीराम पुसायला आले, त्यांना चहा दिला. मग खिडकीत बसून मनातल्या मनात तुला समुद्रापुढे उभी केली. कविता कशी म्हटलीस ते खरंखरं कळव. मी इथून ऐकतो.

लोभाला ओहोटी नको.

धोंडीराम


देवगडच्या पुढे,
१६ जानेवारी

आरोहीच्या आजोबांना,
सप्रेम जयभीम.

समुद्र पाहिला. आरोहीने हात धरून नेलं. तुम्ही मनात रंगवलंत तसं काही झालं नाही. तोंड उघडलं, तर पहिल्या ओळीपुढे काही येईना. आलं असतं तरी त्याने म्हणू दिलं नसतं. किती बोलतो हो हा! कुणी ऐको न ऐको, आपला चालूच. मला वाटलं तुम्हीच बसलाय. म्हणून मागे वळून ‘अहो, बघा की’ म्हणाले, तर मागे नुसता एक माड. त्याला सांगून काय करू? पाय भिजवून परत आले.

आता दुसरं. तुम्ही गेल्यावर गाडीतलं जेवायचं टेबल पहिल्यांदा मोकळं झालं, म्हणून घासायला घेतलं. खालची कडी सरकली आणि टेबल दोन बाकांच्या मधे जाऊन बसलं. वर गाद्या टाकल्या, तर ऐसपैस पलंग! बुद्धभूषण म्हणतो, गाडीवाल्याने चारच बिछाने सांगितले होते. अंजली म्हणते, टेबलावर सदा अण्णांचे पाहुणे, खाली वाकून बघणार कोण?

तर किल्ली सावळीरामांकडे द्या, आणि मिळेल त्या गाडीने कणकवली गाठा. आम्ही घ्यायला येतो. लंगडत उतरलात तर तसेच परत पाठवीन. लोभ बरोबर आणा, त्याला वेगळं तिकीट लागत नाही. पलंगावर खिडकीकडची बाजू माझी. उजाडलं की समुद्र आधी मी बघणार, मग तुम्हाला उठवणार.

तुमचीच,
विमल