मुंगीचं आतडं आणि मामाची शेखी

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्या बहिणीचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा वाकले ते मनातल्या मनात असं समज.) आम्ही सगळे बरे आहोत. तू कसा आहेस? ‘ठणठणीत’ हे उत्तर चालणार नाही. तुझा हात मोडला होता तेव्हाही तू तेच दिलं होतंस.

पत्रास कारण मुंगी. तुझ्या भाचीच्या आतड्याची सूज औषधांनी उतरली, असं तिचं वजन म्हणतं, गाल म्हणतात, शाळेतून येणाऱ्या तक्रारीही म्हणतात. पण डॉक्टरीणबाईंचा गालांवर विश्वास नाही. त्यांना पुन्हा दुर्बीण घालून आतून बघायचंय आणि तांदळाच्या कणीएवढे दोन-चार तुकडे काढायचेत. त्यातला एक त्यांच्या अभ्यासासाठी. आतड्याच्या अस्तरात म्हणे एक प्रथिन असतं, ते पेशींना एकमेकींना घट्ट धरून ठेवतं. सूज आलेल्या मुलांत ते कमी पडतं का आणि औषधानंतर परत येतं का, हे त्या बघतायत. (सासूबाईंनी यातला ‘प्रथिन’ एवढाच शब्द उचलला आणि तेव्हापासून पोरीला अंड्यांवर अंडी चारतायत. खाल्लेलं थेट तिथे जाऊन बसत नाही, हे त्यांना पटवायची माझी छाती नाही.) मुंगीचा मागचा तुकडा बाईंनी पडद्यावर दाखवला. प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग चढवतात. निरोगी आतड्याच्या चित्रात ती तपकिरी रेघ सलग होती, मुंगीची मधेमधे तुटलेली. मला तिथेच रडू आलं. मुंगी म्हणाली, “आई, माझं अक्षरही असंच आहे.”

तुझे मेहुणे मात्र खुलले. जन्मभर फरशा बसवलेला माणूस! म्हणाले, “म्हणजे फरशी शाबूत, सांध्यातलं सिमेंट गेलंय.” बाई मान हलवतात न हलवतात तोच पुढचा प्रश्न, “पण आधी सांधा सुटला म्हणून पाणी मुरलं, की पाणी मुरलं म्हणून सांधा सुटला?” बाई म्हणाल्या, तेच तर आम्ही शोधतोय, अजून नक्की सांगता येत नाही. झालं! स्वारीने गावभरच्या न्हाणीघरांच्या गळतीचा असा पाढा वाचला की बाहेरची रांग जिन्यापर्यंत गेली. उठतानाही गप्प नाहीत. भिंतीतली एक फरशी पोकळ वाजली, ती बाईंना दोनदा वाजवून दाखवली. मी जिना उतरेपर्यंत त्यांना ओळख दिली नाही.

आता गाडं अडलंय मुंगीपाशी. दुर्बिणीला ती भीत नाही, त्या वेळी झोपेचं औषध देतात. तिचा राग आहे आदल्या दिवशीच्या पोट साफ करायच्या औषधावर. तांब्यामागून तांब्या ते खारट पाणी प्यायचं आणि संडासात मुक्काम ठोकायचा. या वेळी तिने साफ सांगितलं, नाही म्हणजे नाही. आत बरं झालंय की नाही हे कळल्याशिवाय औषध कमी करता येत नाही, म्हणून माझा जीव टांगणीला. आणि नेमका त्याच संध्याकाळी तुझा फोन! आठवतंय काय म्हणालास? “एवढ्याशा तपासणीला काय भ्यायचं? मी असतो तर हसत हसत करून घेतली असती.” उचलली जीभ लावली टाळ्याला. दादा, फोन स्पीकरवर होता. मुंगीने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मग मामाने आधी करावी. तो करेल तर मी करते.” आता बोल.

तू शब्दाला जागणारा माणूस आहेस (निदान चारचौघांत तरी). वहिनीला नमस्कार सांग.

तुझी,
धाकटी

ता. क. तुझीही वेळ घेऊन टाकली आहे. मुंगीच्याच दिवशी, त्याच मजल्यावर, मोठ्यांच्या डॉक्टरांकडे. नकार कळवायची तसदी घेऊ नकोस.

ता. क. दुसरा. मुंगीचा निरोप: औषध गार करून, नळीने, नाक दाबून प्यायचं आणि मधे बोलायचं नाही. तुला यातलं शेवटचं जमणार नाही, असं तिचं मत आहे.

ता. क. शेवटचा. खरं सांगते. मुंगीने दुसऱ्याच दिवशी हो म्हटलं, अटीबिटीशिवाय. आता अट आहे ती माझी. वहिनीचा फोन आला होता. तुला रक्त पडतंय आणि मूळव्याध आहे म्हणत तू ते कित्येक महिने दडपतोयस. असेलही मूळव्याधच. पण मुंगीच्या रक्तालाही आपण सगळे ‘उष्णता’ म्हणत बसलो होतो, दादा. मला फार भीती वाटते. ये. घरात संडास एकच आहे, पण पहिला नंबर मुंगीने तुला दिलाय.