मोठ्या लीगला शिस्त

२ ऑक्टोबर

पिट्सबर्गला पोचलो. आयोवातल्या कॉलेजात आयुष्यभर पोरं घडवली, आता मोठ्या लीगची पाळी. टीव्हीवाले, पत्रकार, शेजारी, सगळे एकच विचारतात: कॉलेज आणि व्यावसायिक संघ यात फरक काय? काहीही नाही. चेंडू तोच, बास्केट त्याच उंचीवर. माणसं जरा उंच आणि जास्त लाडावलेली, इतकंच. बायकोला, लोर्नाला, फोनवर म्हटलं, नाताळापर्यंत यांना सरळ करतो. ती म्हणाली, मग मी नाताळानंतर बघते यायचं. तिला इथली थंडी सोसायची नाही. आयोवात थंडी जास्त असते, पण असो.

५ ऑक्टोबर

पहिली मीटिंग. नियम सांगितले. जेवताना फोन नाही, डोक्यावर टोपी नाही, दौऱ्यावर अकराला खोलीत. कॉलेजात एवढं ऐकलं की पोरं माना खाली घालत. कुणाची स्कॉलरशिप, कुणाची जागा, सगळं माझ्या हातात. इथे मान कुणीच खाली घातली नाही. हॉलोवे, आमचा स्टार, पगार माझ्या कित्येक पट, त्याने शांतपणे विचारलं, "कोच, मला दोन मुलं आहेत. त्यांना मी अकराला झोपवतो. मला कोण झोपवणार?" सगळे हसले. मीही हसलो. वातावरण मोकळं झालं.

९ ऑक्टोबर

विकर्स, माझा सहायक, याच लीगमध्ये म्हातारा झालाय. कॉफी पिताना मला समजावत होता. कॉलेजात तीस-पस्तीस सामने, इथे ब्याऐंशी. म्हणून सराव कमी, विश्रांती जास्त. आणि ओरडायचं नाही. म्हणाला, "तिथे पोरं तुमची असतात, कोच. इथे तुम्ही त्यांचे असता." चांगला माणूस आहे. थकलाय.

ठरवलं: सराव दुप्पट.

२० ऑक्टोबर

पेटवे पस्तिशीचा आहे, संघात सगळ्यात जुना. फारसं बोलत नाही. उजव्या गुडघ्याला सकाळ-संध्याकाळ बर्फ. फिजिओ रोझ ब्रॅनिगन म्हणाली, याला सामन्यापुरता वापरा, सरावात पळवू नका. कॉलेजात ऑक्टोबर आला की निम्म्या पोरांचे गुडघे दुखायचे. मी नुसतं बघितलं तरी बरे व्हायचे.

१० नोव्हेंबर

हरलो. परवाही हरलो होतो. त्याआधीचं लिहीत नाही, त्या सामन्यात पंच भयंकर होते.

चांगली गोष्ट: मी कपडे बदलायच्या खोलीत शिरलो की गाणी बंद होतात, बोलणं थांबतं. आदर बसतोय.

१७ नोव्हेंबर

केसलर, संघाचा मॅनेजर, आधी रोज सकाळी फोन करायचा. आता करत नाही. विश्वास बसला की माणूस चौकशी करत नाही. मात्र विकर्सला दोनदा वर बोलावलं. बिचाऱ्याचं काही खरं नाही. त्याच्यासाठी शब्द टाकायला हवा.

स्टेडियमच्या दारावरचा माझा मोठा फोटो काढलाय. वाऱ्याने सैल झाला असणार.

२४ नोव्हेंबर

डेन्व्हरला वीस गुणांनी हरलो. परतीचं विमान पहाटे उतरलं. सगळ्यांना थेट सरावाला बोलावलं आणि म्हटलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मी थांबवेपर्यंत पळायचं. कॉलेजात ही माझी खासियत होती. पोरं ओकायची आणि पुढचा सामना जिंकायची.

रोझ म्हणाली, पेटवेला वगळा. मी म्हटलं, इथे कुणालाच सूट नाही.

शिट्टी वाजवली. कोणी हललं नाही.

पुन्हा वाजवली. हॉलोवेने हाताची घडी घातली आणि दाराकडे बघितलं. बाकीचे हॉलोवेकडे. पत्र्यावर पाऊस ऐकू येत होता. विकर्सने डोळे मिटले होते.

मग पेटवे रेषेवर येऊन उभा राहिला आणि पळायला लागला. एक-एक करत सगळे त्याच्या मागे.

मोठ्या लीगलाही शिस्त लावता येते. आज लागली. लोर्नाला फोन केला, तिने उचलला नाही. संदेश ठेवला.

२७ नोव्हेंबर

पेटवेचा गुडघा सुजलाय. विचारलं, खेळशील ना. म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं, कोच." असे खेळाडू हवेत. रोझ माझ्याशी बोलत नाही.

३० नोव्हेंबर

तिसऱ्या सत्रात पेटवे चेंडूसाठी उडाला. जवळपास कुणीच नव्हतं, कुणाचा धक्काही नाही. खाली आला तेव्हा आवाज झाला. सुकी फांदी मोडावी तसा. तो ओरडला नाही. नुसता गुडघा धरून छताकडे बघत राहिला. हॉलोवे त्याच्यापाशी बसला आणि स्ट्रेचर येईपर्यंत उठला नाही.

हे कुठेही होऊ शकतं. कॉलेजातही झालं असतं.

सामना हरलो.

३ डिसेंबर

संघ फार शांत आहे. दुःखाने माणसं जवळ येतात. मी जेवायला बसलो त्या टेबलावर जागा बरीच होती.

जानेवारीचं नियोजन तयार केलं. सराव सकाळी सातला.

६ डिसेंबर

केसलरने वर बोलावलं. "बस, वेंडेल. दार लावून घे." मी लगेच जानेवारीचं नियोजन काढलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही तोडलं नाही. माझं संपल्यावर म्हणाला, "दुपारचा सराव विकर्स घेतोय."

विचारलं, आणि उद्याचा?

म्हणाला, "उद्याचाही."

७ डिसेंबर

कॉलेजला फोन केला. माझ्या जागी आलेला पोरगा छान चालवतोय म्हणाले. लोर्ना म्हणाली, ये घरी. बाकी काही म्हणाली नाही.

९ डिसेंबर

निघण्याआधी पेटवेला भेटायला गेलो. ऑपरेशन झालंय, पुन्हा खेळणं नाही. काय बोलायचं ते मोटारीत ठरवलं होतं. शिस्तीबद्दल, आणि त्या सकाळी एकट्या त्यालाच ती कशी कळली होती, याबद्दल. पाय उशीवर ठेवून सोफ्यावर पडला होता. बायकोने मला खुर्ची दिली आणि आत निघून गेली.

मी सुरुवात केली. म्हटलं, त्या सकाळी तू माझं ऐकलंस, हे मी विसरणार नाही.

पेटवेने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. रागाने नाही. मग म्हणाला, "तुमचं ऐकून नाही पळालो, कोच. हॉलोवे सगळ्यांना घेऊन बाहेर पडणार होता. तुमचा निकाल तिथेच लागला असता. तुम्ही शिट्टी धरून उभे होतात, एकटेच. मला बघवेना."

मी म्हटलं, हं.

त्याने विचारलं, गाडीने जाताय का, आयोवाला? रस्त्यात बर्फ आहे म्हणतात, सांभाळून जा.

हो म्हटलं.