गेममधली भट्टी

मंगळवार, दिवेलागण

वीस वर्षं परमुलखात ह्यांनी गलाईच्या दुकानात जुनं सोनं आटवलं. ॲसिडच्या धुरानं छाती गेली, डॉक्टरांनी भट्टी बंद करायला लावली, म्हणून विट्याला परत आलो. आता दिवसभर कॉम्प्युटरवर गेम. त्यात राजा होता येतं, योद्धाही. हे मात्र सोनार झाले आणि पुन्हा भट्टीच पेटवून बसतात. पेटवायच्या आधी नाकाला टॉवेल बांधतात. गेममध्ये कसला आलाय धूर?

आज विचारलंच, "आवं, ह्यात काय मजा हाय?"

"हितं कितीबी धूर झाला तरी खोकला येत न्हाई," म्हणाले, आणि खोकत राहिले.

टॉवेल सैल झाला होता. मीच तो घट्ट बांधून दिला.