वीतभर कमी

बाबा,
नमस्कार. मी वेळेवर जेवते, एवढं आधी आईला वाचून दाखवा. तिचा गुडघा कसा आहे?

फिरणारी पृथ्वी भोवतालचं अवकाशही किंचित ओढत नेते, त्यामुळे आमच्या उपग्रहाची कक्षा वर्षाला जेमतेम दोन मीटर सरकते. ते सरकणं मोजायचं, हे माझं काम. परवा उत्तर तंतोतंत आलं. सगळ्यांनी पाठ थोपटली, पण एवढं तंतोतंत कसं, म्हणून मी आकडेमोड पुन्हा तपासली.

घरी शिकवताना तुम्ही पुस्तकामागची उत्तरांची पानं, मी आधी बघू नये म्हणून, दोऱ्याने शिवून टाकायचात. इथे मात्र अपेक्षित ओढ मीच चुकून आकडेमोडीत आधी घातली होती. तीच परत बाहेर आली!

शोधनिबंध पाठवायच्या दिवशीच आमच्या प्रमुख बाईंना रडत सांगितलं.

"अगं, रडतेस काय? काढ ती ओढ नि कर पुन्हा."

काल नवं उत्तर आलं. दोन मीटरांना वीतभर कमी, पण खरोखर मोजलेलं.

"आता विश्वास बसतो," बाई म्हणाल्या. "निबंधावर पहिलं नाव तुझं."

आनंदाच्या भरात मी त्यांना कडकडून मिठी मारली. त्यांच्या चष्म्याची काडी वाकली. त्या हसत होत्या, तरी नवा घेऊन द्यायला हवा ना, बाबा?

तुमची,
थोरली