म्हावऱ्याशिवाय एक दिवस

१९ जानेवारी, रविवार

डॉक्टरने बीपी बघितलं आणि तोंड वाकडं केलं. म्हणे, रोज भांडता काय? सांगितलं, भांडत नाही, मासळी मार्केटात म्हावरं विकते. म्हणे, एक दिवस सुट्टी घ्या, पाणी बघा, झाडं बघा. पाणी बघा! वेसाव्यात जन्म गेला माझा, दाराशी दर्या.

कल्पिताने लगेच पकडलं. माझी सून. बी.कॉम. झाली तरी तिला मार्केटातला माझा ओटाच हवाय, आठवड्यातून तीन दिवस. म्हणे, आई, जा ना, पण तुमच्याने म्हावऱ्याशिवाय एक दिवस निघायचा नाही. मी म्हटलं, दोन निघतील.

शर्त लागली. पवईच्या तळ्यावर दिवस मावळेपर्यंत बसायचं. म्हावऱ्याला हात नाही, तोंडात नाव नाही. जिंकले तर ओट्याची गोष्ट तिने पुन्हा काढायची नाही. हरले तर तीन दिवस तिचे.

हरली बिचारी.

२१ जानेवारी, मंगळवार

उद्या बुधवार. वार मुद्दाम मीच निवडला. बुधवारी गिऱ्हाईक तुटून पडतं. ओट्यावर कल्पिता एकटी. वाट लागणार. गिऱ्हाइकाला थँक यू म्हणते ती! मी तीस वर्षं एकच म्हणते, घ्यायचं तर घे, नाही तर बाजूला हो. धंदा असा होतो.

उद्या कुणाशी भांडायचं नाही. फोन करायचा नाही. चंदू साक्षीला येणार. नवरा माझा, पण सुनेला खरं सांगायचं वचन देऊन बसलाय.

२२ जानेवारी, बुधवार

सकाळी ८. पोचलो. रिक्षावाल्याशी भांडले नाही. तोच भांडला.

८.१०. तळं बघितलं. पाणी आहे. झाडं आहेत. पलीकडे डोंगर, अलीकडे टॉवर. छान. आनंद घेतला.

८.१५. आनंद घेऊन झाला. मावळायला अजून दहा तास.

८.४०. बगळा. एका पायावर उभा, अगदी निसर्ग. मग पाण्यात चोच मारली. काय गिळलं ते बघितलं नाही. चिलापी होती, बारकी.

९.०५. पाटी लावलीय, मगरींपासून सावध. मगर म्हणजे म्हावरं नाही, तेव्हा मगरीचा विचार चालतो. मग मगर काय खात असेल असं मनात आलं. थांबवला विचार.

९.३०. मालनला फोन केला. तिचा ओटा माझ्या बाजूला. फक्त गुडघा विचारायला केला. गुडघा बरा आहे. मग सहज विचारलं, गर्दी कशी? म्हणे, तुझी सून झकास बसलीय गं, पाटी निम्मी खाली झाली. मालन पहिल्यापासून खोटारडी.

१०.१५. चंदू बाकावर घोरतोय. असला साक्षीदार.

१०.४०. टोपीवाला एक म्हातारा आला. घडीची खुर्ची, परदेशी गळ, डबाभर आमिष. माझ्या पुढ्यातच बसला. मी तोंड फिरवून झाडाकडे बघते आहे. झाड चांगलं आहे.

११.२०. त्याला रोहू लागला. दोन किलोच्या वर, तराजूशिवाय सांगते. त्याने मांडीवर घेतला, फोटो काढला आणि परत पाण्यात सोडला. सोडला!

११.२१. मी भांडले नाही. विचारलं फक्त. खायचा नव्हता तर काढला कशाला? म्हणे, मॅडम, हा स्पोर्ट आहे, आम्ही त्यांना जीवदान देतो. मी म्हटलं, जीवदान द्यायचं तर घरी बसायचं होतं ना, तोंडाला भोक कशाला पाडलं त्याच्या? चार लोक जमले. चंदू उठला नाही.

१२.०५. त्याला दुसरा लागला. हा पण सोडणार, एवढ्यात माझा हात पुढे गेला. मी नाही, हात. त्याच्या डब्यात सुरी होती, दगड होताच, तुकडे पडले. धावायला आलेली एक बाई थांबली, कानातला हेडफोन काढून म्हणे, मावशी, कसा दिला? तोंडातून निघून गेलं, घ्यायचा तर घे, नाही तर बाजूला हो. तिने घेतला. पिशवी टोपीवाल्यानेच धरली. वर विचारतो, रस्सा करायचा की तळायचा?

१२.४०. शर्त शाबूत आहे. नाव घेतलं नाही, रोहू म्हटलं, म्हावरं नाही. आणि गोड्या पाण्यातलं म्हणजे चिखल, ते म्हावऱ्यात धरतच नाहीत. लिंबूपाणीवाल्याकडून लिंबू घेऊन हात चोळले. वास गेला.

संध्याकाळी ६.३०. दिवस मावळला. लाल-पिवळं काहीतरी झालं वर. जिंकले.

रात्री ८. घरी. चंदू म्हणाला, शांत बसली होती, काही नाही झालं. शाबास. कल्पिताने चहा दिला. देता देता माझ्या कोपराजवळ वाकली, काहीतरी काढलं आणि दिव्यापुढे धरलं. खवलं. रुपयाएवढं. म्हणे, आई, हे रोहूचं. आपल्या ओट्यावर रोहू कधी येत नाही.

खवलं ओळखायला मीच शिकवलं तिला, लग्न होऊन आली तेव्हा. चूक झाली.

२४ जानेवारी, शुक्रवार

बुध, शुक्र, रवि तिने घेतले. चांगले वार. चेंगरून मरेल गर्दीत, मग येईल रडत.

मी काही बघायला गेले नव्हते. कोथिंबीर संपली होती. मार्केट वाटेत लागतं. ओट्यापुढे रांग. मी रांगेत उभी राहिले, गिऱ्हाईक म्हणून. सुरमई उचलून बघितली, कल्ला उघडला, वास घेतला. ताजी होती. तरी सांगितलं, ताजी नाही वाटत. बाजूची मालन पदरात हसली.

कल्पिताने सुरी थांबवली नाही. मान वर न करता म्हणाली, आई, घ्यायची तर घ्या, नाही तर बाजूला व्हा, मागे गिऱ्हाईक आहे.

बोलणं माझंच. माझ्यासारखं जमलं नाही तिला, आवाज थोडा कमी पडला.

झाले बाजूला.