प्राजूची अर्धी डिस्क

शनि. ८ नोव्हें.
सोमेश्वरची टेप लागली एकदाची. कॅमेरा तीनदा बंद पडला, चौथ्यांदा फिरला. प्राजू पाच वर्षांची, धबधब्याजवळ, हातात भाजलेलं कणीस. मला दटावतेय की बाबा, शूटिंग बंद करा आणि याला मीठ लावून द्या. तेव्हापासून हीच भाषा. टेप निम्मी कॉम्प्युटरवर उतरली तोच तो म्हणाला, जागा संपली. पोरगी कणीस तोंडाशी नेऊन थांबली ती थांबलीच.

कॅमेरा आज आहे, उद्या नाही. टेपांना पांढरी बुरशी धरतेय. आत्ता उतरवल्या तर उतरवल्या. आणि त्यात दुसरं कोण आहे? सगळी प्राजूच.

सोम. १०
जागा नाही म्हणजे माझ्या भागात नाही. डिस्क अर्धी माझी, अर्धी तिची. इंजिनिअरिंगला असताना तिनेच पाडले होते दोन भाग. माझ्याकडे विंडोज, तिच्याकडे ते लिनक्स. मशीन चालू केलं की काळ्या पडद्यावर दोन ओळी येतात, वर तिची, खाली माझी. दहा सेकंदांत खालचा बाण दाबला नाही की स्वारी तिच्याकडे. चहा आणायला उठलो तर येईपर्यंत तिचा पडदा, मधोमध तिचं नाव, खाली पासवर्डची चौकट. मग बंद करा, पुन्हा चालू करा, बाणावर बोट ठेवून बसा. या बाणापायी मी तिला किती बोललोय.

तिचा पासवर्ड मला माहीत नाही. माझा मॉनिटरला चिकटवलेला आहे, दूधवाल्यालाही पाठ असेल.

जाऊन दोन वर्षं होतील. साखरपुडा झालेलं लग्न मोडलं आणि बंगळूरला नोकरी धरली. कार्यालय ठरलेलं, पत्रिका छापून आलेल्या. मी म्हणालो, जातेस तर तुझं सगळं घेऊन जा. तिने खरंच सगळं नेलं. सायकलसुद्धा विकून गेली. अर्धी डिस्क तेवढी नेता आली नाही.

दिवाळीला आली नाही. गेल्या वर्षीही नव्हती आली.

बुध. १२
गंगेवर, गोदेकाठच्या बाजाराला गेलो, मेथी आणि वाल घेतले. येताना रविवार कारंजाला राजाभाऊच्या दुकानात डोकावलो. माझं मशीन त्यानेच जोडून दिलेलं. म्हणाला, काका, बाहेरची डिस्क घ्या ना एखादी. म्हटलं, घरात अर्धी डिस्क नुसती पडून असताना नवी कशाला घेऊ? मग उडवा तो भाग, म्हणाला. डिस्कपार्ट म्हणून काळी खिडकी आहे, चार ओळी लिहायच्या की काम झालं. तो भाग डिलीट करायचा आणि तुमचा एक्स्टेंड, म्हणजे वाढवायचा.

सौ.ला सांगितलं. ती वाल निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "लहानपणची प्राजू ठेवायला आत्ताची काढून टाकायची का?"
म्हटलं, उगाच काहीतरी बोलू नकोस. ते लिनक्स आहे, प्राजू नाही.

शुक्र. १४
डिस्कपार्ट उघडून पाहिलं. नुसतं पाहिलं. लिस्ट डिस्क लिहिलं, सिलेक्ट डिस्क लिहिलं, लिस्ट पार्टिशन लिहिलं. तीन भाग दिसले. पहिला चिमुकला, दुसरा माझा, तिसरा तिचा. तिच्यापुढे ना नाव ना गाव. निवडलेल्या भागाच्या आधी चांदणी उमटते, म्हणून प्रत्येक वेळी लिस्ट करून चांदणी बघायची आणि मगच पुढचं लिहायचं. राजाभाऊने बजावलंय की ही खिडकी 'नक्की का?' विचारत नाही. लिहिलं आणि एंटर मारलं की संपलं.

आयुष्यभर भूमापनात हद्दी आखल्या लोकांच्या. मला कोण घाबरवतंय.
एक्झिट लिहून बाहेर आलो.

रवि. १६
आज बाण दाबला नाही. मुद्दाम. आकडा उतरत गेला, तिचा पडदा आला. प्राजू. खाली चौकट.

पासवर्ड घालून पाहिले. तिची जन्मतारीख, मांजराचं नाव, सोमेश्वर, मग कणीससुद्धा. चुकलं की ती चौकट मान हलवल्यासारखी हलते. नाही, नाही. हुबेहूब तिची सवय.

आठवण येते. लिहून टाकलं एकदाचं. रोज येते, आणि फोन लावायचा म्हटलं की पहिलं वाक्य सुचत नाही. ती आईशी बोलते, स्वयंपाकघरात. मी पाणी प्यायला गेलो की आवाज खाली जातो. आता मी त्या वेळेला पाणी पीत नाही.

मंगळ. १८
सौ. फोनवर होती, गॅलरीत. मी आत पेपर वाचत होतो, मुद्दाम ऐकत नव्हतो. प्राजू बंगळूरला फ्लॅट घेतेय. बुकिंग झालंसुद्धा. सौ. हळूच विचारत होती, मग इकडचं काय गं, बाबांना सांगू का? पलीकडून काय आलं ते कळलं नाही. सौ. नुसतं बरं म्हणाली आणि ठेवला.

मला सांगितलं नाही. दोघींनीही. जेवताना वाट पाहिली, आता सांगेल, मग सांगेल. वरणात मीठ कमी आहे का, एवढंच विचारलं तिने.

कायमचंच तिकडे राहायचं तर इथे अर्धी जागा अडवून कशाला ठेवायची?

बसलो. सिलेक्ट पार्टिशन तीन. लिस्ट. चांदणी बरोबर जागेवर. डिलीट पार्टिशन. एंटर. इंग्रजीत एक ओळ आली की काम यशस्वी झालं. इतकंच. ना आवाज, ना काही. मला वाटलं होतं थोडा तरी वेळ लागेल.

एक्स्टेंड लिहायचं होतं, माझा भाग वाढवायला. नाही लिहिलं. हात धुतले आणि मारुतीला जाऊन आलो.

बुध. १९
मशीन चालू होत नाही.

काळा पडदा. एरर, असं पार्टिशन नाही. खाली 'ग्रब रेस्क्यू' आणि लुकलुकणारी रेघ. दोन ओळींचा तो मेनू नाही, माझं विंडोजही नाही. बाण दाब दाब दाबला. कसला बाण अन् कसलं काय.

कॉम्प्युटरचा डबा रिक्षात घालून राजाभाऊकडे नेला. कुंभाच्या कामासाठी सगळीकडे खणून ठेवलंय, डबा मांडीवर धरून बसलो. त्याने कपाळाला हात लावला. म्हणाला, काका, एक सांगायचं राहिलं. तो सुरुवातीचा मेनू त्या उडवलेल्या भागातच राहतो. तो भाग गेला की तुमच्या विंडोजला वाट दाखवणारं कोणी नाही. च्यायला, म्हणजे इतकी वर्षं मी तिच्याच दारातून ये-जा करत होतो आणि वर तिलाच बोलत होतो.

म्हणाला, ठेवून जा, नवीन विंडोज टाकतो, तुमचं सगळं वाचवतो. त्या भागातलं मात्र गेलं समजा.

डबा उचलला आणि परत आणला. रिक्षावाल्याला वाटलं मी वेडा आहे.

गुरु. २०
सौ.ला सांगितलं. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "आता तुम्हीच फोन करा. मी नाही करणार."

दुपारपर्यंत वेळ काढला. मग गच्चीत जाऊन लावला. एका रिंगमध्ये उचलला.
"बाबा? आईला काय झालं?"
माझा फोन म्हणजे आईला काहीतरी झालं असणार, असं झालंय तर. म्हटलं, आई मजेत आहे. तुझं पार्टिशन गेलं. मी काढलं.

  तिने विचारलं, "त्यानंतर त्या जागेवर काही लिहिलंत? वाढवलंत? फॉर्मॅट?"
नाही म्हटलं.
"नक्की?"
म्हटलं, वाढवायचं राहिलं. मारुतीला गेलो.
हसली बहुतेक. किंवा खोकली. म्हणाली, मग आहे अजून तिथेच, फक्त यादीतली नोंद गेलीय. हे मला कळलं. सातबाऱ्यावरचं नाव खोडलं म्हणून शेत उठून जात नाही. म्हणाली, आता मशीनला हातसुद्धा लावू नका. शनिवारी मला सुटी आहे. तोवर माझा लाल पेन ड्राइव्ह शोधून ठेवा.

म्हटलं, तो तू नेला असशील. म्हणाली, नाही, आईकडे असेल.
शिलाई मशीनच्या खणात होता. दोन वर्षं बॉबिनांमध्ये.

शनि. २२
सकाळी फोन आला, तिचा, माझ्या मोबाइलवर. चष्मा पुसून बसलो. सौ. दारात उभी.

पेन ड्राइव्हवरून मशीन उठवलं. एफ बारा दाबत राहायचं. तिचं लिनक्स आलं, पासवर्ड न मागता. मग काळी खिडकी. ती एकेक अक्षर सांगणार, मी लिहिणार, मोठ्याने वाचणार, ती हं म्हणणार आणि मगच एंटर. सुडो पार्टेड. अंतर कुठे, तिरकी रेघ कुठे, सगळं. दोन वर्षांत एवढं बोललो नव्हतो. दोन वर्षांत काहीच बोललो नव्हतो.

प्रिंट फ्री लिहायला लावलं. मोकळी जागा कुठून कुठपर्यंत ते वाचून दाखवलं. मध्येच विचारलं तिने, "काढलं कशाला पण?"
"जागा पाहिजे होती."
"कशाला?"
"टेप उतरवतोय. कॅमेऱ्याच्या."
"कुठल्या?"
"तुझ्याच. दुसरं कोण आहे त्यात?"
मघाचेच आकडे तिने पुन्हा वाचायला सांगितले. मीही पुन्हा वाचले.

मग रेस्क्यू, म्हणजे हरवलेला भाग शोधायचा. सुरुवात विचारली, शेवट विचारला, दोन्ही आकडे घातले. मशीन घरघरत राहिलं. सौ. येऊन खुर्चीमागे उभी. नुसतीच एक रेघ. म्हटलं, प्राजू, काही येत नाही गं. थांबा म्हणाली. थांबलो. इकडे तिचा श्वास ऐकू येत होता, तिकडे माझा जात असेल.

आणि आलं. एक भाग सापडला आहे, इथपासून इथपर्यंत. यादीत जोडायचा का?
दोनदा वाचून दाखवलं मी. ती म्हणाली, "येस लिहा बाबा. पूर्ण लिहा."
लिहिलं.

पेन ड्राइव्ह काढून पुन्हा चालू केलं. दोन ओळी. वर तिची, खाली माझी. सौ. देवापुढे साखर ठेवायला गेली.

तिला विचारलं, काय आहे त्यात एवढं? काही नाही हो, म्हणाली, कॉलेजचे प्रोजेक्ट. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी सुटीची सकाळ घालवली पोरीने. मी पुढे विचारलं नाही.

मग म्हणाली, बाबा, एक ओळ बदलायला सांगते, तुमचं विंडोज आपोआप आधी येईल, बाण दाबायला नको. म्हटलं, असू दे. सवय आहे.
"बरं, मग पासवर्ड सांगते. आत जा, नको ते काढा, तुम्हाला जागा होईल."
म्हटलं, "नको सांगूस. येशील तेव्हा तूच टाक."
आता हे तोंडून कसं गेलं माहीत नाही. पहिलं वाक्य सुचत नाही म्हणून दोन वर्षं बसलेला माणूस मी.
 ती म्हणाली, "रजा बघते." आणि फ्लॅटचं सांगितलं, स्वतःहून. तिसरा मजला, समोर नारळाचं झाड. मी माहीत नसल्यासारखं ऐकलं. चांगलं झालं म्हटलं.

शुक्र. ५ डिसें.
झक मारली आणि बाहेरची डिस्क आणली. राजाभाऊ एक शब्द बोलला नाही, पण हसला. सौ. हसलीच. सोमेश्वर पूर्ण उतरली. कणीस खाऊन झालं, मग तिने दाणे टिपायला चिमण्या बोलावल्या, तेही आहे. मी विसरलो होतो.

फोन नाही. तसं सौ.ला येतो. आता आवाज खाली जात नाही, पण माझ्याकडे देत नाहीत. मागायला पाहिजे का? मागू कसा...

रवि. १४ डिसें.
थंडी बोचते आहे. सकाळी मशीन चालू करून चहा घेऊन बसलो. बाण दाबला नाही. आकडा उतरला, तिचं नाव आलं, चौकट आली. चहा होईपर्यंत तसंच ठेवलं. मग बंद करून पुन्हा चालू केलं आणि आपल्या कामाला लागलो. हल्ली रोजचंच झालंय.

रजेचं अजून काही कळलं नाही. संक्रांतीला येते की उन्हाळ्यात, की नाहीच.

सौ.ने ट्रंकेतून प्राजूची रजई काढून गच्चीत टाकली. विचारलं, कोण येणार आहे? म्हणाली, कोणी नाही हो, ऊन चांगलं आहे म्हणून.
दुपारी वर जाऊन मी ती दुसऱ्या बाजूने पालटून आलो.